किती लावायचं? बेटिंग एक्स्चेंजवर नव्याने उतरणाऱ्यांसाठी

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी संध्याकाळी ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. मूळचा पुण्याचा, इथे लेस्टरला मास्टर्स करायला आलेला. आवाज घाबरलेला. "काका, मी फक्त २० पौंडांची बेट टाकली, आणि खात्यातून २८० गेले. कसे काय?" त्याला स्क्रीनशॉट पाठवायला सांगितलं. एका फुटबॉल सामन्यात त्याने मागे पडलेला संघ १५ च्या भावाने खाल्ला होता, म्हणजे तो जिंकणार नाही अशी बेट घेतली होती. पैसे गेले नव्हते, अडकून पडले होते. तो संघ जिंकला असता तर मात्र ते खरोखरच गेले असते. सामना संपायला अर्धा तास होता, आणि तो अर्धा तास आम्ही दोघं फोनवरच होतो. संघ जिंकला नाही. मुलाला २० पौंड मिळाले, तो खूश झाला. मला मात्र रात्री झोप लागली नाही, कारण ते २८० पौंड म्हणजे त्याचा महिनाभराचा किराणा आणि बसचा पास होता.

त्यानंतर त्याला मी जे समजावून सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितोय. कोणता घोडा, कोणता संघ, हे यात नाही. फक्त एकच प्रश्न आहे: किती लावायचं? नवीन माणूस या प्रश्नाकडे सगळ्यात शेवटी बघतो, आणि त्याचं भांडवल संपतं ते बहुतेक इथेच.

आधी कायद्याचं

हा लेख ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, १८ वर्षांवरच्या मराठी माणसांसाठी आहे. इथे गॅम्बलिंग कमिशनचा परवाना असलेल्या एक्स्चेंजवर व्यवहार करणं कायदेशीर आहे, आणि जिंकलेल्या रकमेवर खेळणाऱ्याला कर भरावा लागत नाही. भारतात परिस्थिती अगदी वेगळी आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. तेव्हा मुंबई-पुण्यात बसून व्हीपीएन लावून, कोणा मित्राच्या लंडनच्या खात्यावरून हे करायचं मनात असेल, तर कृपा करून करू नका. खातं गोठलं तर पैसे मागायला कुठे जाल?

पायरी १: लावणं आणि खाणं

बुकीकडे तुम्ही फक्त लावू शकता. एक्स्चेंजवर खाऊही शकता. मुंबईच्या सट्ट्यातले हे जुने शब्द इथे चपखल बसतात: बॅक म्हणजे लावणं, ले म्हणजे खाणं. भाव म्हणजे १ पौंड लावून जिंकलात तर तो पौंड धरून जेवढे परत मिळतात तो आकडा. लंडनमध्ये २००० साली बेटफेअर सुरू झालं आणि ही पद्धत लोकांच्या हाती आली. तुमच्या समोर कंपनी नसते, तुमच्यासारखाच दुसरा माणूस असतो. तो लावतो, तुम्ही खाता, किंवा उलट. कंपनी दोघांची गाठ घालून देते आणि त्या बाजारात ज्याला निव्वळ फायदा होतो त्याच्याकडून कमिशन घेते. एक्स्चेंज आणि योजनेप्रमाणे ते साधारण २ ते ५ टक्के धरून चाला.

यातून एक गोष्ट आपोआप निघते आणि ती मनात पक्की करा. इथे तुम्ही जिंकलेला प्रत्येक पौंड कोणाच्या तरी खिशातून येतो, आणि वाटेत कमिशन कापलं जातं. सगळ्या खेळणाऱ्यांचा हिशोब एकत्र मांडला तर तो तोट्याचाच निघतो. म्हणून "दर महिन्याला घरभाडं यातून काढेन" असं ठरवून कोणी येत असेल तर मी त्याला दारातच अडवतो.

ट्रेडिंग म्हणजे भाव ४.० असताना लावायचं आणि ३.८ झाला की खायचं. मग घोडा जिंको वा हरो, दोन्हीकडे थोडा थोडा फायदा वाटून घेता येतो. भाव उलटा गेला तर तसाच थोडा थोडा तोटा घेऊन बाहेर पडायचं. ऐकायला हे शेअर बाजारासारखं वाटतं, पण एक मोठा फरक आहे. शेअर पडला तरी उद्या तो असतो. इथे शर्यत संपली की तुमचा सौदा एक तर पूर्ण भरतो, नाही तर शून्य होतो.

पायरी २: स्टेक म्हणजे जोखीम नव्हे

स्टेक म्हणजे बेट टाकताना चौकटीत भरायची रक्कम. लावताना हिशोब सोपा आहे. १० पौंड लावले तर जास्तीत जास्त १० जातील. खाताना तसं नाही. खाताना स्क्रीनवरच्या चौकटीत तुम्ही जो आकडा टाकता ती तुमची संभाव्य कमाई असते, तोटा नव्हे. तोटा, म्हणजेच लायबिलिटी, काढायची तर भावातून १ वजा करायचा आणि स्टेकने गुणायचं.

१० पौंड १.५ ला खाल्ले तर जोखीम ५ पौंड. ३ ला खाल्ले तर २०. ८ ला खाल्ले तर ७०. २१ ला खाल्ले तर २००. चौकटीतला आकडा चारही वेळा १० च.

त्या मुलाचं इथेच चुकलं. २० गुणिले १४ म्हणजे २८०. मीही सुरुवातीला हे केलंय. शनिवारची दुपार, सोळा घोड्यांची हँडिकॅप शर्यत, आणि मला खात्री होती की एक म्हातारा घोडा काही येत नाही. २१ ला १० पौंड खाल्ले. शेवटच्या फर्लांगला तो कडेने पुढे आला. खात्यात ३०० होते, १०० उरले. तेव्हापासून खाताना मी स्टेकची चौकट आधी भरतच नाही. आधी कागदावर लायबिलिटी लिहितो, मग तिला भाव उणे एकने भागतो. बऱ्याच ट्रेडिंग सॉफ्टवेअरमध्ये थेट लायबिलिटीचा आकडा टाकायची सोय असते. ती चालू करा.

माझा साधा नियम असा: पहिले सहा महिने ६ पेक्षा मोठ्या भावाला काही खायचं नाही.

पायरी ३: कोणते पैसे

भाडं, किराणा, घरी पाठवायचे पैसे, अडीअडचणीची गंगाजळी हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं, आणि जे पूर्ण गेलं तरी घरातल्या कोणाला सांगताना मान खाली जाणार नाही, ते भांडवल. उदाहरणासाठी मी ५०० पौंड धरतो. तुमचे १०० असतील तर १००. आकडा लहान आहे म्हणून लाजायचं कारण नाही, शिकण्यासाठी तो उलट बरा.

हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. एक्स्चेंजवर पहिल्याच दिवशी डिपॉझिटची मासिक मर्यादा घालून घ्या. मर्यादा कमी करणं लगेच लागू होतं, वाढवायची असेल तर थांबावं लागतं, आणि ते थांबणंच कामाला येतं. ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगाराचे पैसे भरायला बंदी आहे. पण मित्राकडून उसने घ्यायला, ओव्हरड्राफ्ट वापरायला कोणी अडवत नाही. तिथे स्वतःच नाही म्हणायचं.

पायरी ४: किती जाऊ द्यायचे ते आधी, किती लावायचे ते नंतर

सगळ्या लेखात हीच पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

नवीन माणूस असा विचार करतो: मला २० पौंड कमवायचेत, त्यासाठी किती लावू? हा प्रश्नच उलटा आहे. विचारायचं असं: हा सौदा चुकला तर माझे किती जावेत? त्या उत्तरावरून स्टेक काढायचा.

एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्का, फार तर २ टक्के जाऊ द्या. ५०० वर ते ५ ते १० पौंड होतात. "एवढेसे?" असं मला हमखास विचारलं जातं. त्याचं उत्तर सलग हरण्याच्या गणितात आहे. नाणं १०० वेळा उडवलं तर त्यात कुठे तरी सलग सहा किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के असते. तुमचे निम्मे सौदे बरोबर येत असतील तरी शंभर सौद्यांत सलग सहा चुकणं ही नेहमीची गोष्ट आहे. ते येणारच आहेत असं धरूनच चालायचं.

आता त्या सहा सौद्यांनंतर काय उरतं ते बघा. दर वेळी २ टक्के गेले तर ५०० चे ४४३ उरतात. मूळ जागी यायला १३ टक्के कमवावे लागतात, ते जमण्यासारखं आहे. दर वेळी १० टक्के गेले तर २६६ उरतात, आणि परत यायला ८८ टक्के लागतात. दर वेळी २० टक्के गेले तर हाती १३१. तिथून ५०० ला पोचायला भांडवल जवळजवळ चौपट करावं लागेल. खेळाचं ज्ञान तिन्ही माणसांचं सारखंच. फरक फक्त स्टेकचा.

प्रत्यक्ष हिशोब करून बघू. शर्यत सुरू व्हायच्या आधी एका घोड्यावर ३.५० ला लावायचं ठरवलंय. भाव खाली येईल असं वाटतंय, पण ३.७० ला गेला तर बाहेर पडायचं. दोन्ही बाजूंना तोटा सारखा वाटून बाहेर पडल्यावर तोटा किती, याचं सूत्र सोपं आहे: दोन भावांतला फरक भागिले बाहेर पडतानाचा भाव, गुणिले स्टेक. इथे ०.२० भागिले ३.७०, म्हणजे स्टेकच्या ५.४ टक्के. तोटा ५ पौंडांच्या आत ठेवायचा तर स्टेक निघतो ९२ पौंड.

पण थांबा, इथेच दुसरा प्रश्न विचारायचा. बाहेर पडताच आलं नाही तर? वायफाय गेलं, ॲप अडकलं, शर्यत अपेक्षेपेक्षा आधी सुटली आणि घोडा हरला, तर ९२ च्या ९२ जातील. म्हणजे भांडवलाच्या १८ टक्के. हे मला मान्य नाही. म्हणून माझी दुसरी मर्यादा अशी: सगळं बिघडलं तरी एका सौद्यात भांडवलाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. म्हणजे स्टेक ५० पौंड. मग ठरल्याप्रमाणे ३.७० ला बाहेर पडलो तर २ पौंड ७० पेन्स जातात, आणि सगळं बिघडलं तर ५०. दोन आकडे काढायचे आणि त्यांतला लहान घ्यायचा. खातानाही हेच, फक्त तिथे १० टक्के लायबिलिटीवर धरायचे: ३.५० ला २० पौंड खाल्ले की लायबिलिटी ५०, त्यावर जायचं नाही.

पायरी ५: टिक सगळीकडे सारखी नसते

भावाची एक पायरी म्हणजे एक टिक. बेटफेअरवर १.०१ ते २ पर्यंत टिक ०.०१ ची, २ ते ३ मध्ये ०.०२, ३ ते ४ मध्ये ०.०५, ४ ते ६ मध्ये ०.१, ६ ते १० मध्ये ०.२, आणि १० ते २० मध्ये ०.५. पुढे ती वाढतच जाते, शेवटचा भाव १०००.

"मी दोन टिकला बाहेर पडतो" असं म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या भावाच्या? १०० पौंड लावून एक टिक आपल्या बाजूने गेली आणि फायदा सारखा वाटून घेतला, तर १.५० वरून १.४९ ला ६७ पेन्स मिळतात. २.०२ वरून २.०० ला बरोबर १ पौंड. ३.०५ वरून ३.०० ला १ पौंड ६७. ४.१ वरून ४.० ला अडीच पौंड. १०.५ वरून १० ला ५ पौंड. विरुद्ध गेली तर तोटाही याच मापाने वाढत जातो. म्हणजे १.५० च्या भावावर सवय झालेला स्टेक तसाच उचलून १०.५ ला नेला, तर तुम्ही नकळत सातपट जोखीम घेतलेली असते. भाव बदलला की स्टेक बदलायचा. वहीच्या पहिल्या पानावर हा तक्ता लिहून ठेवा, मी आजही ठेवतो.

पायरी ६: जिथे भाव उडी मारतो

शर्यतीआधीचा भाव पायरी-पायरीने सरकतो. खेळ सुरू झाल्यावर तो उडी मारतो, आणि वरचा हिशोब तिथे तसाच चालत नाही.

फुटबॉलमध्ये गोल झाला की बाजार काही वेळ बंद होतो. उघडतो तेव्हा भाव दुसरीकडेच असतो. मधल्या भावांना कोणी खरेदीदारच नसतो, त्यामुळे "३.७० ला बाहेर पडेन" या वाक्याला अर्थ उरत नाही. स्टॉप-लॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला आपोआप बाहेर पडायची सोय, लावला असला तरी तो उडी झाल्यानंतरच्या भावाला लागतो. समजा तीनपेक्षा कमी गोल होतील या बाजूला २.०० ला ५० पौंड लावले. मिनिटं सरतात तसा भाव हळूहळू खाली येतो, छान वाटतं. विसाव्या मिनिटाला गोल होतो आणि भाव ३.०० ला उघडतो. तोटा १६ पौंड ६७. पाच पौंड जाऊ द्यायचे ठरवले होते ना? मग मोजमाप गोलच्या उडीवरून करायचं होतं: तिथे तोटा स्टेकच्या एक-तृतीयांश आहे, म्हणून स्टेक १५ पौंड. फुटबॉलमध्ये गोल होणारच असं धरून स्टेक काढा.

क्रिकेट आपल्या रक्तात आहे, आणि म्हणूनच आपल्या लोकांना तिथे जास्त जपायला सांगतो. १९ डिसेंबर २०२० ची सकाळ आठवा, ॲडलेडचा कसोटी सामना. आदल्या दिवशी आपण १ बाद ९, एकूण ६२ धावांची आघाडी. जागं होऊन फोन हातात घेईपर्यंत धावफलकावर १५ वर पाच गेले होते, त्यातले चार तर १५ याच धावसंख्येवर पडले. डाव ३६ वर आटोपला. त्या सकाळी भारतावर लावून चहा करायला उठलेल्या माणसाला बाहेर पडायला किती वेळ मिळाला असेल? शिवाय टीव्हीवरचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, आणि चालू खेळात तुमची बेट स्वीकारली जायलाही काही सेकंद लागतात. मैदानात बसलेला माणूस तुमच्या पुढे असतो. ही चूक स्टेकनेच भरून काढता येते: चालू खेळात नेहमीच्या निम्मा.

याच्या उलट टोकाला आहे तो १.०१ चा मोह. सामना जवळजवळ संपलाय, १.०१ ला ५०० लावले की ५ पौंड आले. कमिशन ५ टक्के धरलं तर ४ पौंड ७५. एकदा उलटलं की ५०० गेले, आणि ते परत आणायला सलग १०६ वेळा बरोबर यावं लागतं. लीड्सच्या हेडिंग्लेवर १९८१ मध्ये फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडवर बुकीने ५०० ला १ असा भाव लावला होता. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने त्यावर १० पौंड लावले, रॉड मार्शने ५. बोथमच्या नाबाद १४९ आणि विलिसच्या ८ विकेटनंतर इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. खेळाडूंनी स्वतःच्या संघाविरुद्ध लावणं हा वेगळा विषय, ते आज कोणी करायचं धाडस करणार नाही. इथे मला एवढंच दाखवायचंय की लिलीच्या विरुद्ध बाजूला जो होता, त्याने १० पौंड मिळवण्यासाठी ५००० घालवले. तो भाव देताना त्याला ते पैसे फुकटचेच वाटले असणार.

पायरी ७: एकाच सामन्याचे तीन सौदे म्हणजे एकच सौदा

ड्रॉ खाल्ला, जास्त गोलवर लावलं, आणि ०-० चा स्कोअर खाल्ला. तीन वेगळे बाजार, तीन वेगळे स्टेक, प्रत्येकी २ टक्के. पण तिन्ही एकाच गोष्टीवर उभे आहेत: गोल व्हावा. तो झाला नाही तर तिन्ही एकदम बुडतात आणि ६ टक्के जातात. स्टेक ठरवताना बाजार मोजू नका, कारणं मोजा. एकाच वेळी उघड्या असलेल्या सगळ्या सौद्यांचा मिळून ठरवलेला तोटा ५ टक्क्यांवर नको.

पायरी ८: केलीचं सूत्र, आणि मी ते तसंच्या तसं का वापरत नाही

थोडं वाचलं की तुम्हाला हे नाव भेटेलच. बेल लॅब्जमधल्या जॉन केलीने १९५६ मध्ये हे सूत्र मांडलं. भाव उणे १ याला ब म्हणा, तुमच्या मते जिंकण्याची शक्यता श. भांडवलाचा किती हिस्सा लावायचा? (ब गुणिले श, उणे हरण्याची शक्यता) भागिले ब. भाव २.१० आणि तुमच्या मते शक्यता ५० टक्के असेल, तर उत्तर येतं साडेचार टक्के.

गणित अचूक आहे. अडचण त्या ५० मध्ये आहे, कारण तो आकडा तुमच्या डोक्यातून आलाय. खरी शक्यता ४७ टक्के असेल, तर त्याच सूत्राचं उत्तर ऋण येतं, म्हणजे लावायचंच नव्हतं. तीन टक्क्यांच्या चुकीने "साडेचार टक्के लाव" चं "हात लावू नको" होतं. आपला अंदाज तीन टक्क्यांपर्यंत अचूक आहे असं कोणता नवखा छातीठोकपणे सांगू शकेल? म्हणून जाणकार लोकही सूत्राने आलेल्या आकड्याचा अर्धा किंवा पाव हिस्साच लावतात. तुम्ही पहिलं वर्षभर सूत्र बाजूला ठेवा आणि पायरी ४ वर राहा.

दुप्पट करत जाण्याच्या पद्धतीबद्दल तर एकच हिशोब पुरे. २, ४, ८, १६, ३२, ६४: सहा वेळा हरलात की १२६ गेले, आता १२८ लावायचे, आणि हे सगळं सुरुवातीच्या २ पौंडांसाठी. सहा वेळा हरणं किती नेहमीचं आहे ते वर पाहिलंच.

पायरी ९: दिवस कधी संपवायचा

हरल्यावर माणूस मोठा स्टेक टाकतो. मी टाकलाय, तुम्हीही टाकाल, कारण त्या क्षणी आपण भावाकडे बघत नसतो, गेलेल्या पैशांकडे बघत असतो. म्हणून आकडा सकाळीच, डोकं शांत असताना लिहून ठेवायचा: दिवसभरात भांडवलाच्या ३ टक्के गेले किंवा सलग तीन सौदे चुकले की लॅपटॉप बंद. महिन्यात १५ टक्के गेले की महिना बंद. कितीही चांगली संधी पुढे दिसली तरी.

आणि बंद करायचं ठरवूनही हात थांबत नसेल, घरच्यांपासून आकडे लपवावे लागत असतील, तर तो स्टेकचा प्रश्न राहिलेला नाही. बऱ्याच ब्रिटिश बँकांच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार रोखण्याचं बटण आहे. गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं की इथल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्या तुम्हाला सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, जे निवडाल तेवढा काळ, दार बंद करतात. राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर ०८०८ ८०२० १३३, फोन फुकट आहे आणि रात्रीही उचलतात. आपल्याकडे असं काही झालं की पोरगं चार चौघांत बोलत नाही, खोलीत एकटं कुढत बसतं. तसं करू नका. आम्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी सांगा, आम्ही रागावणार नाही.

पायरी १०: वही

ॲपमधला नफा-तोटा पुरेसा नाही, कारण तुम्ही काय ठरवलं होतं हे त्यात नसतं. माझ्या वहीतली एक ओळ अशी असते:

"दुपारी २:३५ ची शर्यत. ४.१ ला लावले ५०. बाहेर पडायचं ४.३ ला. पडलो ४.३ ला. −२.३३. ठरल्याप्रमाणे."

शेवटचे दोन शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे. जिथे "ठरल्याप्रमाणे नाही" असेल तिथे पुढे एका ओळीत कारण लिहायचं: भाव परत येईल असं वाटलं, फोन वाजला, आधीचा तोटा भरून काढायचा होता. पन्नास ओळी झाल्या की त्या कारणांची टोटल मारा. पैसे कुठून गळतायत ते तुमच्याच अक्षरात समोर येईल. कमिशनही वेगळ्या रकान्यात धरा. लहान लहान नफ्यांतून ते किती खातं हे महिनाअखेरीलाच कळतं. घोडा ऐन वेळी मागे घेतला गेला तर आधी जुळलेल्या बेटांच्या भावात कपात होते आणि व्यवस्थित वाटून घेतलेला सौदा एका बाजूला कलतो, तेही लिहा.

पहिला महिना, आणि स्टेक वाढवायचा कधी

पहिले दोन आठवडे नुसतं बघा आणि वहीत काल्पनिक सौदे लिहा. पुढचे दोन आठवडे २ पौंडांचे खरे सौदे, तेही फक्त शर्यतीआधीचे किंवा सामन्याआधीचे, रोज तीनच्या वर नाहीत. घरचं वायफाय बंद पडलं तर बाहेर पडता यावं म्हणून त्याच खात्यात फोनवरून मोबाइल डेटावर लॉगिन करून ठेवा, आणि एकदा मुद्दाम वायफाय बंद करून सौदा बंद करून बघा. हे पैशांशिवाय शिकता येत नाही, आणि २ पौंडांत शिकलेलं बरं.

स्टेक दर सौद्यानंतर बदलायचा नाही. महिन्याच्या एक तारखेला भांडवल मोजायचं आणि त्यावरून १ टक्का, १० टक्के, दोन्ही आकडे नव्याने काढायचे. भांडवल ५०० चं ४४० झालं असेल तर पूर्ण महिना ४ पौंड ४० आणि ४४ पौंड. ५६० झालं असेल तर ५ पौंड ६० आणि ५६. १ टक्क्याचे २ टक्के करायचे असतील तर आधी वहीत दोनशे सौदे हवेत, त्यांत कमिशन वजा करून फायदा हवा, आणि दहातले नऊ तरी "ठरल्याप्रमाणे" हवेत. तिन्हींतलं एक जरी नसेल तर आणखी एक महिना आहे त्याच स्टेकवर.